अंगठी आरशाखाली आहे

अहो,

मी दवाखान्यात चालले आहे. परवा तुमची लाडकी मनी चावली, ते बोट टम्म सुजलंय. "मांजरच तर चावलंय," असं तुम्ही म्हणालात आणि मीही मलम लावून शिलाई मशीनवर बसले. काल कापडावर मारते तशी सुजेच्या कडेने पेनाने रेघ मारली, तर आज लाली रेघ ओलांडून मनगटापर्यंत पोचली आहे. तापही आहे.

मनीला ओरडू नका. कपाटातून मीच तिला शेपटीला धरून ओढलं होतं.

अंगठी साबण लावून कशीबशी काढली, आरशाखाली आहे. कालच्या भांडणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. सूज उतरली की घालेन. तुमच्या बोटाला तर सूजही नाही. मग तुमची अंगठी कुठे गेली, तेवढं मी आल्यावर सांगा.