चिचुंद्री माझ्या मजकुरात नव्हती

२ नोव्हेंबर २०२५, रविवार
पुस्तक आलं. 'वक्तशीर वाघोबा', लेखक विद्याधर परुळेकर. दहा प्रती घरपोच. आजपासून अंधेरीच्या लिफ्ट कंपनीतली नोकरी हा जोडधंदा समजायचा.

मुखपृष्ठावर माझ्या नावाखाली 'चित्रं : जोआना परेरा'. सहज म्हणून दिशाच्या पट्टीने मोजलं. माझं नाव चार मिलिमीटर उंच, तिचंही चार. पहिल्याच पुस्तकात चोवीस वर्षांच्या मुलीला चार मिलिमीटर. असू दे. माझंही पहिलंच पुस्तक आहे, पण मी त्रेचाळीस वर्षं थांबलो होतो.

एका पुस्तकावर समाधान मानणारे वेगळे. चार प्रोजेक्ट एकदम हातात घेतले. वाघोबा भाग दोन, मोठ्यांसाठी कादंबरी (चारशे पानं), दोन अंकी बालनाट्य आणि पॉडकास्ट. दिशाची स्केचपेनं घेऊन चार रंगांत तक्ता केला. रोज पहाटे पाच ते सात लेखन, शनिवार-रविवार दिवसभर. बेडरूमच्या दारावर पाटी लावली, 'बाबा लिहीत आहेत'. दिशा सात वर्षांची झाली, तिलाही शिस्त लागेल.

३ नोव्हेंबर, पहाटे ५
अलार्म झाला.

त्याच दिवशी, ७.१०
पाच ते सात डोळे मिटून कादंबरीचा विचार केला. ही म्हणते घोरत होतास. विचार खोल गेला की श्वास जड होतो, हे हिला कोण सांगणार.

५ नोव्हेंबर, बुधवार
ऑफिसात काशीरामला प्रत दिली. काशीराम आमचा सीनियर मेकॅनिक, वीस वर्षांत त्याला हसताना कोणी पाहिलेलं नाही. चौथ्या पानावर हसला. कुठलं वाक्य आवडलं म्हणून विचारलं. म्हणाला, वाक्य नाय ओ, ही चिचुंद्री बघा ना, वाघाच्या घड्याळाला चावी देतेय.

कसली चिचुंद्री? माझ्या गोष्टीत चिचुंद्री नाही.

आहे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आहे. वाघोबा वक्तशीरपणाचं महत्त्व सांगतो तेव्हा ती त्याच्या वॉटरबॅगेत झोपलेली. वाघोबा सभेला निघतो तेव्हा ती त्याच्या शेपटीला गाठ मारते. माझ्या परवानगीशिवाय.

प्रकाशक संघमित्राताईंना मुलुंडला फोन लावला. म्हणाल्या, अहो, प्रुफं तुम्हीच बघितलीत, 'सर्व उत्तम' लिहून सही पण केलीत ना. केली. माझा मजकूर मी तीनदा वाचला होता. चित्रं बघत बसायला लेखकाला वेळ कुठे असतो?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. बालदिन
गोरेगावच्या एका शाळेत कार्यक्रम. मी वाचत होतो, जोआना शेजारी. मी सगळ्या पात्रांचे आवाज काढले. मुलं पुस्तकात डोकं खुपसून चिचुंद्री शोधत होती. सापडली की ओरडायची. मी पान संपवायच्या आत सगळे पुढच्या पानावर.

नंतर सह्या. जोआनासमोर रांग पार पिण्याच्या पाण्याच्या नळापर्यंत. माझ्यासमोर चार जण. त्यात एक बाई होत्या, आणि एकाला बाथरूम कुठे ते हवं होतं. तिसरा म्हणाला, सही नको, चिचुंद्री काढून द्या. काढली. तो म्हणाला, हा बटाटा आहे. चौथ्याने बटाटा बघितला आणि तिकडच्या रांगेत गेला.

जोआना निघताना म्हणाली, अंकल, तुमच्या गोष्टीमुळेच सुचली हो ती मला. चांगली मुलगी आहे. अंकल म्हणायची गरज नव्हती.

मला वाईट वगैरे वाटलेलं नाही. कादंबरी वाट बघत होती म्हणून अल्पोपाहार न घेता निघालो.

२३ नोव्हेंबर, रविवार
आढावा. कादंबरी : अर्पणपत्रिका पूर्ण. बालनाट्य : पात्रांची यादी तयार, बावीस पात्रं. पॉडकास्ट : माईक मागवला, परत केला, दुसरा मागवला. वाघोबा भाग दोन : नाव ठरलं. शिवाय पाचवं प्रोजेक्ट घेतलं, चित्रकलेचा सराव. रोज दहा चिचुंद्र्या.

ही म्हणाली, पाच शेगड्यांवर पाच पातेली चढवलीयेस आणि एकाखाली पण गॅस पेटवलेला नाही. हिच्या बोलण्यात प्रतिमा चांगल्या येतात. कादंबरीत वापरीन.

दिशाने दोनदा दार वाजवलं. खेळायला ये म्हणून. पाटी दाखवली.

१३ डिसेंबर, शनिवार
संघमित्राताईंनी दुसऱ्या पुस्तकासाठी मुलुंडला बोलावलं होतं. मला अपेक्षितच होतं. 'वाघोबा निवृत्त होतो' याचा आराखडा फाइलमध्ये घालून नेला. जोआना आधीच येऊन बसलेली.

दुसरं पुस्तक चिचुंद्रीचं करायचं ठरलंय. मी मन मोठं केलं. म्हटलं, लिहितो. वाघोबाला थांबवतो. ताई म्हणाल्या, तेच बोलायचं होतं, त्यात शब्द नाहीत. मी विचारलं, साधारण किती कमी? म्हणाल्या, शून्य. नुसती चित्रं. गोष्ट मुलांनी आपली आपण बनवायची. मी म्हटलं, सुरुवातीला शून्य ठीक आहे, पुढे वाढवता येतील.

मग मला का बोलावलं? म्हणाल्या, तुम्हाला दुसरीकडून कळायला नको, म्हणून. चहा दिला. मी जोआनाचं अभिनंदन केलं, मनापासून. बोरिवली येईपर्यंत दात दुखत होते, बहुतेक चहा गरम होता.

२१ डिसेंबर, रविवार
गेल्या रविवारी जोआनाने कच्ची चित्रं मेलवर पाठवली. अंकल, तुमचं मत सांगा ना प्लीज. म्हणजे मुलीला शब्दांची उणीव जाणवतेय, पण ताईंसमोर बोलवत नाही.

सगळी प्रोजेक्टं बाजूला ठेवून आठ दिवस तेच केलं. चोवीस पानांना चौदाशे शब्द. शेवटी स्वच्छतेवर चार ओळी. माझं आजवरचं उत्तम लेखन. ताईंना पाठवलं. उत्तरात अंगठा आला. त्याचे तीन अर्थ निघतात, तिन्ही चांगले.

२८ डिसेंबर, रविवार
जोआना कांदिवलीहून नाताळचा फराळ घेऊन आली, कलकल आणि नेवऱ्या. आईने केलेल्या. चिचुंद्रीच्या पुस्तकाची कच्ची प्रत पण आणली होती, दिशाला दाखवायला. मी माझे चौदाशे शब्द वाचून दाखवायला चष्मा शोधत होतो तेवढ्यात दिशाने पहिलं पान उघडलं आणि सुरू झाली.

म्हणे ही चिचुंद्री सगळ्यांची घड्याळं बिघडवते. का? कारण सगळ्यांना उशीर झाला की मग कोणीच कुठे जात नाही आणि तिच्याशी खेळतात. तिचे बाबा दाराच्या आत असतात. ते काम करत नाहीत, पण दार बंद असतं. म्हणून ती त्यांचं घड्याळ सगळ्यात शेवटी बिघडवते.

चोवीस पानं न थांबता. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, जोआना मोबाइलवर रेकॉर्ड करत होती. चष्मा सापडला, पण नंतर कोणी विचारलं नाही.

पोरीची कल्पनाशक्ती बरी आहे. चिचुंद्रीला बाबा कुठल्या चित्रात दिसले देव जाणे. मी सगळी पानं परत बघितली. कुठेच नाहीत.

११ जानेवारी २०२६, रविवार
ताईंचा फोन. दिशाने सांगितलेली गोष्ट पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापणार, नमुना म्हणून. 'दिशा परुळेकर, वय ७, बोरिवली'. चौदाशे शब्दांचं काय, विचारलं. म्हणाल्या, छान आहेत, पण ते वाचल्यावर चित्रं बघावीशी वाटत नाहीत.

मी म्हटलं, माझं नाव कुठेतरी असावं. ताई म्हणाल्या, घालते की. मागच्या पानावर येईल, 'आभार : दिशाचे बाबा'. कसले आभार ते विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
घाटकोपरला एका वाचनालयात प्रकाशन झालं. दिशाने खुर्चीवर उभं राहून गोष्ट सांगितली. 'दार बंद असतं' या वाक्याला सगळ्या बायका हसल्या आणि दोघातिघा बाबांनी माझ्याकडे बघितलं. ही पण बायकांतच बसली होती, फक्त ही हसत नव्हती.

नंतर जोआना आणि दिशा शेजारी बसून सह्या करायला लागल्या. मी दिशाची वॉटरबॅग धरून भिंतीपाशी होतो. छातीत कसंतरी होत होतं. आधी वाटलं उकाडा, मग वाटलं अभिमान. दोन्ही नव्हतं. इथे दुसरं कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. जोआनावर जळत होतो, ते एक वेळ समजण्यासारखं आहे. आज सात वर्षांच्या पोरीवर जळत होतो, तीही माझीच.

एक प्रत घेतली आणि रांगेत उभा राहिलो. पुढे अठरा मुलं होती. नंबर आल्यावर दिशाने मान वर न करता विचारलं, नाव काय लिहू? मी म्हटलं, लिही, 'लेखक विद्याधर परुळेकर यांस'. तिने वर बघितलं. म्हणाली, एवढं मोठं नाही लिहीत, मागे लाईन आहे. 'बाबा' लिहिलं, खाली सही केली.

मागे अजून मुलं होती. मी बाजूला झालो.