वजनाच्या दिवशी

माय,

अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. तू धाकटीच्या आतल्या फ्रॉकला खिसा शिवलास आणि नाल्यातले दोन गोटे त्यात घातलेस. मी चुलीपाशी बसून बघत होते. मी तिसरीत, ती दोन वर्षांची. मांड्यांची कातडी नुसती लोंबायची. "काय करतेस माय?" म्हटलं, तर म्हणालीस, "पोर उपाशी शे, हाई बठ्ठा गावले सांगू का?" सगळ्या गावाला कळेल, याची तुला लाज होती. वजन कमी भरून नाव कुपोषित पोरांच्या लाल यादीत गेलं असतं तर तिला घेऊन चौदा दिवस जळगावच्या दवाखान्यात राहावं लागलं असतं, आणि दिवस कापूस वेचणीचे होते. तू वेचायला गेली नाहीस तर आपल्या घरात भाकरीही नव्हती, हे मलाही कळत होतं.

अंगणवाडीच्या बाईंनी काट्यावरचं वजन वहीत लिहिलं आणि धाकटीकडे बघत राहिल्या. तू शेतात गेल्यावर मला शाळेच्या ओट्यावर गाठून म्हणाल्या, "खरं सांग, पोरीच्या फ्रॉकात काय होतं?" मी सांगून टाकलं.

संध्याकाळी त्या घरी आल्या. तू दार अडवून उभी. त्या हळूच म्हणाल्या, "अक्का, मी गावात कुणाला बोलणार नाही. पण ही पोर उन्हाळा काढणार नाही." तू उंबऱ्यावरच खाली बसलीस. मग उठलीस आणि पिशवी भरायला घेतलीस. चौदा दिवसांनी एसटीतून उतरलात तेव्हा धाकटी तुझ्या कडेवरून माझे केस ओढत होती. कुणी सांगितलं, हे तू मला कधीच विचारलं नाहीस.

तुला जाऊन चौदा वर्षं झाली. गेल्या महिन्यात धुळ्याला धाकटीला मुलगी झाली. तिला वजनाला नेलं तेव्हा धाकटी, तिला पुढे बाईंनीच सगळं सांगितलं होतं, तिथल्या नर्सला म्हणाली, "ताईनं तेव्हा सांगितलं म्हणून मी आहे." मी मान खाली घालून दुपटं नीट करत राहिले.

कारण लाल यादीतल्या पोराला अंगणवाडीतून रोज एक अंडं घरी मिळतं, हे मला ठाऊक होतं. बाईंनी विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर धाकटी नव्हती, अंडं होतं. पुढे तू वेचायला गेलीस की तिला भरवायचं काम माझ्याकडे असायचं. पिवळं तिला भरवायचे. पांढरं, माय, रोज मीच खायचे.