जुना देठ

२ मार्च, अमरावती

मला रोजनिशीचा नाद नाही. ही वही लिहावी लागते आहे ती रागिणीच्या अटीमुळे. तिच्या आईच्या, माणिकबाईंच्या अंगावर वळ दिसले. आळ आधीच्या बाईवर, कौशल्येवर, आला आणि ती न सांगता निघून गेली. पुन्हा तसं नको म्हणून मी रोज जे पाहीन ते लिहायचं आणि संध्याकाळी अकोल्याला फोनवर रागिणीला वाचून दाखवायचं. अट रास्त आहे. रागिणीला मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण फोनवर मुलगी नीट बोलते, मला काकू म्हणते.

मी स्वतः अकोल्याची. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. बॉटनीत बी.एस्सी. केलं त्याला जमाना झाला. निवृत्त झाल्यावर चार महिने घरी बसून पाहिलं, नाही जमलं, म्हणून माणिकबाईंना सांभाळायचं हे काम घेतलं.

घर स्वच्छ आहे, मन प्रसन्न झालं. रागिणीचा धाकटा भाऊ मनोज होया नावाच्या फुलवेली वाढवतो आणि कलमं बाहेरगावी पाठवतो. मागचा सगळा व्हरांडा हिरव्या जाळीनं झाकलेला, भिंतीला मोठा कूलर, आणि वरून खाली नुसत्या वेली. पानं जाड. फुलं लहान चांदण्यांच्या झुबक्यांसारखी, मेणातून ओतून काढल्यासारखी. या वेली मुळात माणिकबाईंनी लावलेल्या, म्हणून त्यांचा पलंगही तिथंच. लकव्यानं उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे मात्र जागे आहेत. मी त्यांची वेणी घातली तेव्हा त्यांनी माझं बोट धरून ठेवलं.

माझं सामान लावणं पाहून मनोज हसला. म्हणाला, "रेक्टरबाई, आता आमाले बी घंटीवर उठा लागते वाट्टे!" मीही हसले.

५ मार्च

मनोजनं आज वेलींचे नियम समजावले. कुंडी लहानच हवी. "मोठी देली का माजते, मंग नुस्ती पानंच पानं. मुळं आवळून ठेवा, झक मारून फुलते." कळी धरल्यावर कुंडी हलवायची नाही, कळ्या गळतात. आणि फूल झडलं तरी जुना देठ कापायचा नाही, कारण पुढचं फूल त्याच देठाला येतं. गुलाबाची सवय असलेल्याला हे विचित्र वाटेल, पण शास्त्राला धरून आहे. माणूस जाणकार आहे.

आंघोळ घालताना माणिकबाईंच्या दंडावर रुंद पट्ट्यासारखा निळसर वळ दिसला. मनोज म्हणाला, कूस बदलताना दाब पडतो. रागिणीला वाचून दाखवलं. रंग कसा आहे, कडा लाल आहेत का, आई रडली का, सगळं तिनं विचारलं. इतकी चौकशी करणाऱ्या मुली मी कमी पाहिल्या आहेत.

९ मार्च

दुपारी औषधं घेऊन लवकर परतले. उन्हानं गल्ली ओस पडली होती, कूलर घोंघावत होता. मनोज आईचा हात पलंगाच्या दांडीला बांधत होता. वेली बांधायची सुती पट्टी. गुडघा दांडीला लावून ओढत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी, तोंडातून आवाज नाही. बोटं काळीनिळी.

मी त्याला बाजूला ढकललं आणि पट्टी सोडली. वसतिगृहात ज्या आवाजात बोलत असे त्या आवाजात बोलले. त्यानं शांतपणे विचारलं, "तुमी काय पोरी मोकाट सोडत होत्या काय होस्टेलात? आवळून ठेवल्याबिगर कोन फुलते, सांगा ना."

रागिणीनं हा भाग पुन्हा वाचायला सांगितला, सावकाश. पोलिसांत जाऊ नका म्हणाली, मी त्याच्याशी बोलते. तिचा आवाज कापत होता.

१२ मार्च

फुलांतून चिकट रस गळतो. तो माणिकबाईंच्या उशीवर पडतो आणि मुंग्या लागतात. आज त्यांच्या कानात मुंग्या होत्या. मनोज बाहेर होता. मी बागेची कात्री घेतली आणि पलंगावरचे सगळे झुबके देठासकट काढून टाकले. नियम मला माहीत होता. पण रोग्याच्या कानापुढे फुलांचे लाड मी चालू देणार नाही. कापलेल्या जागांतून पांढरा चीक गळत राहिला. माणिकबाई डावा हात हलवून नको नको करत होत्या. मला वाटलं, कात्रीला भितात.

१३ मार्च

मनोजनं सकाळी पाहिलं. खालचे देठ गोळा केले, टेबलावर ओळीनं मांडले. कूलर पूर्ण सोडला. मग माझं मनगट धरलं. मी अंगानं दणकट आहे, पण त्यानं माझा डावा हात टेबलावर दाबला, वर गुडघा ठेवला, आणि त्याच कात्रीनं करंगळी —

हाड मोडल्याचा आवाज कूलरमध्येही ऐकू आला.

जखमेत हळद भरली, वेलीला भरतो तशी. पट्टी बांधली. म्हणाला, "उजवा राहू देला. लेहत राहा." आणि उरलेल्या देठांवर बोट फिरवलं. "हे बी हायेतच अजून." फोन त्याच्याकडे. बाहेरच्या दाराला कुलूप.

१४ मार्च

ताप. माणिकबाईंचे दोन्ही हात बांधलेले, एक पाय बांधलेला. मी सोडते. तो पुन्हा बांधतो, आधीपेक्षा घट्ट. आज त्यांच्या मनगटाची कातडी पट्टीबरोबर निघून आली.

१६ मार्च

तो मला वेलींना पाणी घालायला लावतो. कोपऱ्यातल्या एका कुंडीत पाणी उतरत नव्हतं. कुंडी फोडली. मुळांचा गच्च गोळा, आत विटांचे तुकडे, कोळसा. आणि जोडवं. जोडव्यात हाड. मुळं हाडाभोवती दोऱ्यासारखी गुंडाळलेली.

मागच्या दाराशी कौशल्येच्या चपला अजून आहेत. मला वाटायचं, घाईत विसरली.

जोडवं पदराला बांधलं. बाकीच्या कुंड्यांकडे पाहवत नाही.

१७ मार्च

आज दुसरा देठ उचलला त्यानं. माझ्याकडे पाहिलं. परत ठेवला. उद्या, म्हणाला. किंवा परवा.

माणिकबाई श्वास घेतात तेव्हा घरघर येते. इथं राहिल्या तर —

त्यांना मुलीकडे पोचवायचं. दुसरा विचार नाही.

१९ मार्च, व्हॅनमध्ये

तो पार्सलं द्यायला गेला. कात्री टेबलावर राहिली. जाळी फाडली. कोपऱ्यावर सावलीत शाळेची व्हॅन लावून तिचा ड्रायव्हर श्रावण झोपतो, त्याला उठवलं. त्यानं माणिकबाईंना उचललं. वजन नाहीच.

फाटकात मनोज. माझे केस धरले, डोकं खांबावर आपटलं. मी कात्री त्याच्या मांडीत खुपसली. पुन्हा खुपसली. फिरवली. तो खाली बसला. हसत होता. हसत का —

श्रावण सारखा म्हणून राहिला होता, "मावशी, आंधी दवाखान्यात चाला ना! बुडीचा जीव जाईन." मी त्याला गप्प केलं. दवाखान्यात मुलगा येईल, ताबा मागेल. मुलगी असली की कोणाची हिंमत नाही. अकोला, म्हटलं. थेट.

१९ मार्च, अकोला, रागिणीचं घर

श्रावण परत गेला. रागिणीच्या हाती सुपूर्द केलं: माणिकबाई, जिवंत, श्वास मंद. औषधांचा डबा. जोडवं, हाडासकट. कात्री, न धुतलेली. ही वही.

जोडवं पाहून तिला नवल वाटलं नाही. आईला का आणलं, विचारलं. कळी धरलेली वेल हलवतात का, काकू?

खिडकीत कुंड्या आहेत. लहान.

तिच्या डाव्या हाताला करंगळी नाही. शाळेत असताना एक देठ कापला होता, तीच सांगते. आईनं — हीच कात्री. मनोजला हळद भरायला लावली होती. एवढासा होता तो.

माणिकबाई तिच्याकडे बघत आहेत. माझ्याकडे नाही.

वही तिनं उभ्या उभ्या वाचली. मनगटाच्या कातडीचं पान दोनदा. फोनवर ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, म्हणाली. मग वही परत दिली. मनोज निघालाय. तोवर लिहा काकू, थांबू नका. कूलर आमच्याकडेही आहे.

तिनं तो लावला.

डावा हात खुर्चीला बांधून झाला. सुती पट्टी. उजवा मोकळा आहे, लिहिण्यापुरता —