घरटी एक माणूस

श्री.

१२ फेब्रुवारी
सामान आलं. टेम्पो २२००, हमाली ५००, केरसुणी ७०, नारळ ३५. तुळस मांडीवर घेऊन आले, तिचं भाडं नाही. आधीच्या बेव्हर्ली पार्कच्या फ्लॅटच्या निम्म्या भाड्यात काशीमिऱ्याच्या डोंगराला पाठ लावून दोन खोल्या, मागे पडवीत पाणी तापवायची चूल. हे रिटायर झालेत, दोघांना एवढं पुष्कळ. मागच्या भिंतीपलीकडे थेट जंगल. घरमालकीण शालनताई इथल्याच, पूर्वी भातशेती होती. चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, माकडांना काय घालू नका, उद्या तीच भाडं मागाय येतील. खूप हसलो.

१६ फेब्रुवारी
भिंतीपलीकडे वाळकं गवत कमरेएवढं. शालनताई सांगत होत्या, दर हिवाळ्यात सरकारी माणसं तिथला पट्टा जाळून साफ करतात. जाळरेषा म्हणतात. वरून आलेला वणवा तिथे अडतो. यंदा काढलीच न्हाय, पैसा आला न्हाय म्हणं. मग वणवा आला तर काय, मी विचारलं. घरटी एक माणूस ओली फांदी घेऊन ओळीत उभा राहतो, आग झोडपतो. तुमच्याकडनं कोन, ते ठरवून ठेवा, म्हणाल्या. यांनी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला आणि लगेच वनखात्याला अर्ज लिहायला घेतला. ऑफिसची सवय जात नाही.

१९ फेब्रुवारी
सकाळी दाराला ओली फांदी टेकवलेली. सगळा डोंगर वाळलाय, ही आली कुठून? फुकटचं जळण कशाला सोडा. घरात घेतली, यांच्या आंघोळीच्या पाण्याखाली घातली. ओली असून भडकन पेटली.

२० फेब्रुवारी
पुन्हा फांदी. देवापुढे दिवा लावताना मागचा डोंगर लाल दिसला. आगीची लांब रेघ, तिच्यासमोर माणसांची ओळ, हात वर-खाली होताहेत. धुराचा वास नाही. आवाज नाही. ओळीत एकच जागा रिकामी, नेमकी आमच्या घरामागे. यांनाही दिसलं. शालनताईंना बोलावलं, तर त्या डोंगराकडे बघेचनात. फांदी घरात घेतलीस का गो, एवढंच विचारलं. हो म्हटल्यावर पडवीत जाऊन चुलीतली राख चिवडून बघितली.

२१ फेब्रुवारी
शालनताईंनी आज सगळं सांगितलं. दोन वर्षांमागे जाळरेषा अशीच राहिली होती. वणवा आला, ओळ उभी राहिली. आमच्या खोलीतला भाडेकरू कुलूप घालून पळाला. त्याच्या रिकाम्या जागेतून आग ओळीच्या पाठीमागे शिरली. शालनताईंचे यजमान काळूराम, ओळीतले सगळेच गेले. कागदावर गवत जळाल्याची नोंद, बाकी काही नाही. तेव्हापासून ओळ या घराकडे माणूस मागते. फांदी आत घेतली की होकार.
हे म्हणाले, उद्याच जाळरेषा काढायला लावतो.

२२ फेब्रुवारी
हे सकाळी अर्ज घेऊन गेले. तिथूनच गावी बहिणीकडे, वासंतीवन्संकडे जाऊन राहायची सोय बघतो म्हणाले. फोन बंद. कचेरीत विचारलं, तर असं कोणी आलंच नाही म्हणे.

२३ फेब्रुवारी
आज दारात फांदी नाही. दिवा लावला. ओळ — भरलेली. आमच्या जागेवरचा माणूस मध्येच थांबतो, शर्टाच्या टोकानं चष्मा पुसतो — रामरक्षा म्हणतेय, शब्द सुटताहेत —

२४ फेब्रुवारी
वन्संचा फोन लागत नाही. पत्र इथेच लिहून काढते.
वासंतीवन्संना नमस्कार. तुमचे दादा तिकडे पोचले का? मागच्या दारी कोणी पाणी मागतंय — घसा कोरडा पडल्यासारखं — आवाज यांचाच, पण हे तर तुमच्याकडे — असतील तिथे, तर उलट टपाली कळवा, म्हणजे मी कडी —