चिठ्ठीत निघालेला एकर

४ नोव्हेंबर २०२४
पत्र आलं. आबांचा जमिनीचा अर्ज मंजूर! दोनदा वाचून दाखवलं. धरणात गाव गेलं तेव्हा आबा सतरा-अठरा वर्षांचे. आता एक्क्याऐंशी. मी वीरधवलांशी लग्न होऊन आबांची सून म्हणून या घरात आले तेव्हाही अर्जच चालू होते.

११ नोव्हेंबर
साताऱ्यात सोडत. धरणग्रस्तांची चाळीस घरं, चाळीस चिठ्ठ्या, सगळी जमीन कडेगाव तालुक्यात. बसून बसून पाय आखडले, आबांना उठवेना, तर ऑफिसातल्या बाईसाहेब स्वतः चिठ्ठ्यांचा डबा घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी आल्या. गट निघाला. एक एकर. बाईंचं भलं होवो.

१७ नोव्हेंबर
शेत बघून आलो. नांगरून ठेवलेलं, स्वच्छ. गावात ओळखीचं कुणी नाही. पण बिरदेवमामा म्हणून साठीचे एक धनगर आपणहून पुढं आले. हद्दीचे दगड दाखवले. "आवं आबा, हितं पाणी तुंबतंय. वरल्या अंगाला मुरूम हाय." मग घरी नेऊन हुलग्याचं माडगं आणि भाकरी वाढली. अनोळखी माणसानं इतकं करावं — येताना बसमध्ये आबा तेच बोलत होते.

१८ नोव्हेंबर
आबांनी आज पेपर उघडलाच नाही. नुसते बसल्या जागी हसतात.

२५ नोव्हेंबर
सातबारा आणायला एकटी गेले. तलाठी सहज बोलून गेले, "ते रान बावीस वर्षं बिरदेव कसत होता. सरकारी पड होती. दगड वेचून त्यानंच रान केलं. अर्ज त्यानंही केला होता, पण धरणग्रस्त आधी."
येताना मामांच्या घरावरून जायचं धाडस झालं नाही. लांबच्या वाटेनं स्टँड गाठला.

२६ नोव्हेंबर
आबांना सांगितलं. म्हणाले, "आमाला उठवलं. आन आता आमीच एकाला उठवला व्हय गं?"
वीरधवल म्हणाले, "आबा, कायद्यानं आपलं आहे."
"व्हय. तवाबी कायद्यानंच हुतं."

१ डिसेंबर
आबा हट्टानं एकटेच कडेगावला गेले. संध्याकाळच्या बसनं यायचे होते, आले नाहीत. आबांना फोन लावला, तो बिरदेवमामांनी उचलला. "आबा हितंच रानात हायती. निम्मं-निम्मं करायचं म्हनत्यात. म्या नगं म्हनलं, ऐकत न्हाईत." मागून आबांचा आवाज आला —
"क्रांती, माजी कापडं पाठीव. हरबरा पेरतोय."