बाबांचा पैलवान

रविवार, ऑक्टोबर. वेम्बली.

डॅरिल गेला. सत्तावीस वर्षांचा होता, झोपेतच हृदय बंद पडलं म्हणे. सकाळी बातमी वाचली आणि आधी बाबाच आठवले. आता त्यांना काय सांगू?

तीन वर्षांपूर्वी बाबा इथे राहायला आले होते, तेव्हा स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलची मॅच होती. नवऱ्याने हौसेने नेलं आम्हाला. बाबांना खेळ काही कळला नाही. पण मैदानात उतरताना एका टीमचा खेळाडू, हा डॅरिल, वाकला, गवताला हात लावून तो कपाळाशी नेला, आणि तरुणपणी कोल्हापुरात तालमीत घाम गाळलेले बाबा खुर्चीतून उठून उभेच राहिले. "हा आपला पैलवान!"

तेव्हापासून दर रविवारी फोनवर त्याची चौकशी. गेल्या वर्षी त्याचा गुडघा गेला, टीमने काढून टाकलं, जेमतेम तीन सीझन खेळून सगळं संपलं. मी मात्र बाबांना म्हणाले, विश्रांती घेतोय. का म्हणाले असं? त्यांना वाईट वाटू नये म्हणून, की त्यांचा पडलेला आवाज मलाच सोसला नसता म्हणून? माझीच मला चीड येतेय.

आज दुपारी फोन लावला तो खरं सांगायचं ठरवूनच. त्यांनीच आधी विचारलं, "पैलवान काय म्हणतोय? बरा झाला का पाय?"

गवताला हात लावायला वाकलेला डॅरिल डोळ्यांसमोर आला.

"अजून विश्रांतीच आहे, बाबा."

"असू दे. त्याला म्हणावं, गडबड करू नकोस. वय आहे अजून."