आधी गोत्र सांग

बाबा, आधी तक्रार. सरकारी दवाखान्यात माझं रक्त काढलं आणि काचेच्या नळीवर नाव लिहिताना माझी दीर्घ वेलांटी ऱ्हस्व केली. संस्कृतच्या मास्तराची ही शोभा! मी दुरुस्ती सुचवली, तर नर्सबाई म्हणाल्या, "गुरुजी, रक्ताले वेलांटी नसते." तुम्ही असता, तर त्यांना वर्गाबाहेर उभं केलं असतं.

झालं असं, की आरमोरीच्या तळ्याच्या पाळीवर एका बाईचा खून झाला. तिच्या लुगड्यावर मारणाऱ्याचंही रक्त सापडलं. ते जुळवून पाहायला आपल्या आणि शेजारच्या मोहल्ल्यातल्या पुरुषांचं रक्त हवं होतं, पण कोणी पुढे येईना. फौजदारानं मला गाठलं, तुम्ही समजावा म्हणून. मी व्याख्यानच झोडलं. हे गोत्रासारखं आहे, म्हटलं, बापाकडून लेकाकडे जसंच्या तसं जातं. आपले शेजारी, बौद्ध मोहल्ल्यातले निवृत्त पोस्टमन, तिथल्या तिथं म्हणाले, "गोत्र तं आमी छप्पन सालीच सोडलं, भाऊ. आता पोलीस वापस देऊन राह्यले का?" सगळे हसले, आणि हसले म्हणून आले. रांगेत पहिला मी.

बाही खाली करत होतो तेव्हा डॉक्टर सहज बोलले, "तुमचं उदाहरण नेमकं आहे, गुरुजी. बाप, लेक, भाऊ, त्या धाग्यात सगळे एकच. एकानं दिलं की घराचं कळतं. उद्या देशभराचा असा साठा झाला, की माणूस कुठंही जावो, सापडणारच." विद्यार्थ्यानं बरोबर उत्तर दिल्यावर डोलावतो तशी मी मान डोलावली. फाटकापर्यंत आलो आणि आपला धाकटा आठवला. खुनाच्या दुसऱ्याच दिवशी तो माजरीला कोळशाच्या कामावर गेला. हाताला फडकं होतं. "विळा लागला, दादा," म्हणाला. त्या दिवसांत कापणी नव्हती.

लहानपणीचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे येतं. पाहुण्यांसमोर तुम्ही मला गोत्र विचारता, मी अडखळतो. "भात मागून. आधी गोत्र सांग." आणि शेजारच्या पाटावरून धाकटा, ताटात बोट फिरवत, हळूच सांगतो. तुम्हाला ऐकू गेलं होतं, बाबा. तरी तुम्ही भात वाढू दिलात.

आज त्याच्या वतीनं मी सांगून आलो. हे पत्र कुठं टाकायचं नाही. टाकायला हवं ते माजरीला, पण त्यात काय लिहू? निकाल यायचा आहे. वेलांटीचं जाऊ द्या. त्या नळीतलं रक्त धाकट्याचंही आहे, आणि ते जुळेल, असं मला वाटतं.